आप्पांनी ऐकलेला गंधार

जेवणानंतर उज्ज्वला सिंथेसायझरसमोरच्या सतरंजीवर जरा कलंडते आणि डोळा लागतो न लागतो तोच खोलीत कुणीतरी खाकरतं. आप्पा! मिरजेत जन्मभर तंबोरे घडवणारे तिचे वडील, जाऊन अकरा वर्षं झालेले, खोबरेल चोपडलेलं डोकं भिंतीला टेकून बसलेत. गेलेल्या माणसाला बघून घाबरायचं असतं, हे तिच्या ध्यानातच येत नाही. ते उठून जातील, एवढीच तिला धास्ती.

कारण ते नेहमी उठून जायचे. विसाव्या वर्षी तिने पहिलं यंत्र घरी आणलं तेव्हापासून. तिने बटण दाबलं की आप्पांना हटकून बाहेर काम निघायचं. चाळीस वर्षं ती विजेच्या सुरांत बुडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार घातले. पण मुसळ केरातच. हा सूर आहे, असं आप्पा कधी म्हणाले नाहीत.

"वाजीव की," ते म्हणतात.

ती बटण दाबते. पंचम, जोडाचे दोन षड्ज, खर्ज. तंबोऱ्याच्या चारही तारा तिने यंत्रात उभ्या केल्यात, केसाचाही फरक नाही.

"लई सरळ झालंय गं, उजे. चार तारा अन् चारी शाण्या? घरात एक तरी येडी पायजे."

"यंत्र आहे, आप्पा. ते चुकत नाही."

"मग तू चूक की. तू कशाला हायस हितं?"

ती एक बटण नखभर मागे फिरवते. भिंती आता नाहीत. हा मिरजेचा कारखाना आहे, आढ्याला भोपळे टांगलेत आणि प्रत्येक भोपळा आतून घुमतोय. सतरंजीखाली कृष्णेचं पाणी आहे, दोघंही त्यावर तरंगतायत, आणि त्याचं कुणालाच नवल नाही. मग त्या चार सुरांतून, कुणीही न वाजवलेला, पाचवा स्वर उगवतो. गंधार! जमून आलेल्या तंबोऱ्यातून आपोआप निघणारा, ज्याच्यासाठी आप्पा दिवसदिवस तारांखालची घोडी घासत बसायचे, तोच. विजेतून तो तिला कधी गवसला नव्हता. तिच्या अंगावर सर्रकन काटा येतो. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं इथेच होतं.

"आप्पा, हा मी केला?"

"ह्यो कुणालाच करता येत न्हाई. आपण निस्ती जागा करायची."

ते रांगत पुढे येतात, भोपळ्याला लावायचे तसा स्पीकरला कान लावतात आणि डोळे मिटतात. उठत नाहीत. गंधार वाढत जातो, नदीभर होतो. उज्ज्वला ढसाढसा रडतेय, आणि इतकं बरं तिला कधी वाटलेलं नाही.

जाग येते तेव्हा चार वाजलेत, खाली भंगारवाला ओरडतोय. यंत्र बंद. मनाचे खेळ, दुसरं काय, असं स्वतःला बजावत ती उठायला हात टेकते आणि जागच्या जागी थिजते.

स्पीकरच्या काळ्या कापडावर, बसलेल्या माणसाच्या उंचीला, खोबरेल तेलाचा ओला ठसा आहे. कानाच्या पाळीसकट.

ती त्याला बोट लावत नाही.

"बसला होतात तुम्ही," ती म्हणते. "शेवटपर्यंत बसला होतात."