ओळंबा सरळ होता

अन्वर माझ्यामुळे गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ‘थोडं आधी आणलं असतं तर...’ एवढंच म्हणाले. पण त्या दुपारी उशीर झाला तो माझ्या हुशारीमुळे, हे आधी सांगून टाकतो.

धारूरच्या शाळेत आम्ही दोघं विज्ञान शिकवायचो. तरुणपणी एकदा नेकनूरच्या उरुसात त्यानं माझे डोळे रुमालानं बांधून मला लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसवलं आणि हातात गवंड्याचा ओळंबा दिला. सुरुवातीला गरगरलं. मग वेग एकसारखा झाला आणि सगळं शांत वाटलं. “थांबली बे,” मी म्हणालो. “रुमाल काढ,” अन्वर म्हणाला. काढून बघितलं तर चक्री जोरात फिरतच होती, आणि ओळंब्याची दोरी बाहेरच्या बाजूला कलली होती. “अंगाला नुसता बदल कळतो, ते लई फसवतं,” अन्वर हसत म्हणाला. “ओळंब्याला विचारावं. दोरी किती कलली अन् मधल्या खांबापासून आपण किती लांब, एवढं मोज. वेग निघतो. बाहेर बघायचं कामच न्हाई.” तो ओळंबा पुढे त्याच्या खोलीत आढ्याला टांगलेला राहिला.

त्या दुपारी अन्वरच्या बायकोनं, भाभींनी, बोलावलं म्हणून गेलो. अन्वर पलंगाची कड घट्ट धरून पडला होता.

“खोली फिरायलीय बे.”

मी आढ्याकडे बोट केलं. “दोरी सरळ हाय, मास्तर. तुझाच नियम. खोली कुठं फिरायलीय?”

तो अर्धवट हसला. काही बोलायला गेला, पण जीभ जड झाली. मला वाटलं, हरला म्हणून गप्प बसला... “दवाखान्यात न्यायचं का?” भाभींनी विचारलं. “पित्त असेल, झोपू द्या,” मी म्हणालो.

संध्याकाळी बीडला नेलं तोवर मेंदूत रक्त पसरलं होतं. ओळंब्यानं खोलीचं खरं सांगितलं होतं. अन्वरच्या डोक्यात काय चाललंय, ते त्याला कुठून कळणार?

आता डोळे मिटले की मी त्या चक्रीवर असतो. सगळं शांत वाटतं, म्हणजे ती फिरतेच आहे, हे कळतं... आणि रुमाल सुटत नाही.

अन्वर गेल्याला चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला गेलो. भाभींनी मला त्याच खोलीत बसवलं, चहा दिला. “भाईजान, तुमी लगेच आलतात. त्यांना लई धीर आला.” वर ओळंबा वाऱ्यानं जरा हलला आणि पुन्हा सरळ झाला. मी चहा खाली ठेवला.

“भाभी, त्या दिवशी मी ओळंब्याकडे बघितलं, अन्वरकडे बघितलंच नाही. तुम्ही दवाखाना म्हणालात, मी अडवलं. माझं चुकलं. मला माफ करा.”