सरज्या, मोती आणि नानांचा केसपेपर

डॉ. नानासाहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात मोठमोठे डॉक्टर लिहितील आणि मध्येच मी, त्यांच्या जळगावच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आया होते ती सखूबाई. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहून घेते.

नाना पहिल्यांदा वॉर्डात आले तेव्हा मला वाटलं, कुणी शाळामास्तर वाट चुकले. नाडी बघण्याआधीच त्यांनी शिकाऊ डॉक्टरांनी लिहिलेला केसपेपर मागितला आणि म्हणाले, "रोग्याच्या खाटेजवळ उभं राहून मराठीत वाचा." पुढे ही रोजची रीतच झाली. इंग्रजीत झाकलेलं सगळं मराठीत उघडं पडायचं. नानांच्या चपला वाजल्या की पोरं घाम पुसायची. मात्र रागावून झालं की नाना त्याच पोरांना घरी जेवायला न्यायचे, आणि भरीत वाढताना केसपेपरचं नावही काढायचे नाहीत.

एका हंगामात माझी धाकटी बहीण वच्छी पाचोऱ्याला कापसाच्या बैलगाडीवरून डोक्यावर पडली. तिला आमच्याच वॉर्डात आणलं. सकाळी शिकाऊ डॉ. कांकरियांनी तिचा कागद वाचला, "रोगी शांत. प्रकृती समाधानकारक."

"समाधान कुणाचं?" नाना म्हणाले.

"मनं तं नही शे," वच्छी खाटेवरून अहिराणीत बोलली, म्हणजे माझं तर नाही.

"ऐकलंत? तुम्ही उद्या नसाल. येणाऱ्या डॉक्टरनं हिला ओळखायचं कशावरून? ती काय करते, काय बोलते, ते लिहा."

बिचारे कांकरिया पुन्हा लिहायला बसले. "बैलांची नावं काय?" त्यांनी विचारलं.

"सरज्या न मोती. तुमले काय करनं शे?"

तेही त्यांनी लिहिलं. डॉक्टरांनी दिलेलं बोट दोन्ही हातांनी घट्ट धरते, चहा गुळचट म्हणून नावं ठेवते, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नाना धुळ्याला गेलेले. दुपारी पाळीवर आलेल्या डॉक्टरांनी वच्छीला कधी पाहिलं नव्हतं. ती पडून होती. तिचे यजमान भिकनराव म्हणाले, "झोपू द्या, भाऊ. घरी इतकी गप्प कुठं असते."

डॉक्टरांनी कागद वाचला, तिला हलवून जागं केलं आणि बैलांची नावं विचारली.

"सरज्या," ती जड जिभेनं म्हणाली. "न... भिकन."

भिकनराव उठून उभे राहिले. "डॉक्टर, हिनं माझं नाव उखाण्यातसुद्धा घेतलं नाही आजवर."

डॉक्टरांनी तिच्या हातात बोट दिलं. उजवा हात धरत होता, डावा सुटत होता. कवटीच्या आत रक्त साचत होतं. सर्जन धावत आले, तासाभरात तिला टेबलावर घेतलं आणि ते रक्त काढलं. नाना परतले तेव्हा वच्छी शुद्धीवर होती आणि यजमानांना "अहो" म्हणत होती. नानांनी आधी तिला तपासलं, मग कागद वाचला, आणि दोन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप आम्ही वॉर्डात पहिल्यांदाच पाहिली. पुढे नवे डॉक्टर आले की तोच कागद त्यांना पहिला धडा म्हणून मिळायचा. आज त्यातले कितीतरी डॉक्टर खानदेशभर दवाखाने चालवतात आणि आपल्या हाताखालच्यांना असंच छळतात.

सत्काराला वच्छी पाचोऱ्याहून येते आहे. व्यासपीठाच्या पायऱ्या ती कुणाचा हात न धरता चढणार, असं तिनं बजावलं आहे. नानांना असंच दणकट, लांब आयुष्य मिळो. दात तेवढे सांभाळावेत, कारण नव्या पोरांना रागवायचं काम अजून खूप शिल्लक आहे.