दुधाची म्हणून सोडलेली दाढ

आमच्या शाळेतल्या काही मुलांच्या दाढा माझ्यामुळे किडल्या. त्यात माझी लेक पल्लवीही आली. डॉ. शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला हायसं वाटलं... बरं झालं, त्यांच्याशी बोलून झालं होतं.

शैलाताई मूळच्या धर्मापुरीच्या, दातांचा दवाखाना माजलगावात. दिंद्रुडजवळच्या आमच्या वस्तीवर त्या दर गुरुवारी एसटीनं यायच्या. पहिली-दुसरीच्या लेकरांना बाकावर उताणं झोपवायचं, कापूस लावून नवी दाढ कोरडी करायची, तिच्या खाचांत पातळ लेप सोडायचा आणि निळ्या दिव्यानं तो घट्ट करायचा. कीड लागायच्या आधीच खाचा बंद. "बाई, तोंडात टीव्ही लावला का?" एका पोरानं विचारलं. "हां, पण तोंड मिटलं की बंद पडतो. आ कर!" एखादी दाढ अर्धी हिरडीखालीच असली तर ती कोरडी राहत नाही, म्हणून त्या लेकरासाठी ताई पुन्हा यायच्या. एका पोरीसाठी तर तीनदा आल्या.

लेपासाठी पालकांची सही लागे. पहिल्याच वर्षी पालकसभेत एका आजोबांनी मला विचारलं, "गुरुजी, कावून करायचं हे? कशापायी?" ताईंची एसटी अजून यायची होती. मला काही माहीत नव्हतं. पण गुरुजीनं 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "दुधाच्या दाढा हायत, पडून जातील. लेप कशाला?" लोक हसले. कागद घडी होऊन खिशात गेले. ताई आल्या, त्यांनी परोपरीनं सांगितलं, "सहाव्या वर्षाची ही दाढ कुठलाच दात न पडता सगळ्यात मागं येते, म्हणून दुधाची वाटते. पण ही जन्माची हाय." तोवर गुरुजी बोलून बसले होते. सह्या मोजक्याच आल्या. पल्लवी तेव्हा पहिलीत होती, तिच्या कागदावर मीही केली नाही... बोललेलं मागं कसं घ्यायचं?

पल्लवी नऊ वर्षांची असताना तिची खालची दाढ काढावी लागली. शैलाताईंनीच काढली. आता ऐकवतील, म्हणून मी मान खाली घालून उभा. त्या पल्लवीला एवढंच म्हणाल्या, "लई धीराची हायेस गं. बापापेक्षा."

त्यानंतर गुरुवारी मी त्यांच्यासमोर जायचं टाळू लागलो. एकदा त्यांनी हटकलंच, "गुरुजी, पोरं तोंड उघडतात अन् तुमी लपवता व्हय?"

यंदाच्या सभेला त्या आल्या तेव्हा खूप खंगल्या होत्या. "आता जास्त फेऱ्या व्हायच्या न्हाईत माझ्याच्यानं," त्या हळूच म्हणाल्या. "सह्या आजच मिळाल्या तर पोरं निभतील."

मी उठलो. पालकांना म्हणालो, "मागं मी तुमाला चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं, अन् मी विचारलंही न्हाई. माझ्या लेकीची दाढ गेली, तुमच्यातल्या काहींच्या लेकरांच्याही किडल्या. हा माझ्या धाकट्याचा कागद, पहिली सही माझी." मग पेन हातोहात फिरत गेलं. एकही कागद कोरा राहिला नाही.

ताई सह्यांचा गठ्ठा पिशवीत ठेवत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं विसरलो होतो.

"ताई, तुमी लेकरांसाठी धडपडत होता अन् मी आडवा आलो. माझं चुकलं. मला माफ करा."