सुई उडायची तेव्हा

कापलेल्या रबराचा वास आला की मला दीपनगरच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. माझ्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई सारखी उडायची, आणि आवाज वाढवला की खालून घूंऽऽ असा सूर निघायचा. कुणीतरी सांगितलं, त्याच्या पायांखाली रबर घाल. मी आईच्या कोऱ्या रबरी चपलेचेच चार तुकडे केले. तरी सुई उडाली. नेमकी तेव्हा आई स्वयंपाकघरातून येत होती. गुडघ्यांमुळे ती टाच आपटत चालायची. जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी ओरडलो, "म्हशीसारखी काय चालतेस? गाणं संपेपर्यंत हलू नकोस!" भाकरींचं ताट हातात धरून ती दारातच उभी राहिली, रेकॉर्डची अख्खी बाजू संपेपर्यंत. मग हळूच म्हणाली, "मी चालस म्हनीसन उडस का रे भाऊ?" मी म्हणालो, "मग काय!" आठवड्याभरात ती चाळीसगावला माझ्या धाकट्या भावाकडे राहायला गेली. सुई उडतच होती. एकदा झाडलोट करताना मी प्लेअरच्याच कपाटावर ठेवलेला स्पीकर उचलून वेगळ्या स्टुलावर ठेवला, आणि उडणं, घुमणं, दोन्ही थांबलं. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "आते तुनं गानं नीट वाजस ना, भाऊ?" मी म्हणालो, "हो, आता नीट वाजतं." काल ती दोन दिवसांसाठी आली. मी रेकॉर्ड लावली, तसे तिने दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले. मी आवाज थोडा वाढवला.