फगलची बाजू

"संत्र्याचा वास पाह्यजे तं संत्रं खा ना लेका. काटोल इथून काही विलायतेत नाई. त्याच्यासाठी वेलीचं फूल उकळाले काऊन बसतं?"

दिगू ओरडत होता. अंगात बनियन, कमरेला पंचा, आणि आमच्या दोघांच्या मधल्या स्टुलावर फिकट पिवळ्या पाण्याचे दोन गिलास. माझा गुन्हा इतकाच, की डाव्या गिलासातलं पाणी मला उजव्यापेक्षा बरं लागलं असं मी म्हणालो होतो. डाव्यात सिट्रा होतं, उजव्यात फगल. दिगूचा आवाज असा चढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली आणि त्या संध्याकाळी तिनं दुधाचा थेंब दिला नाही. म्हशीचा मालक हे मान्य करत नाही, पण तो माणूस मुळातच भिडस्त आहे.

ही आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात दिगांबर ठोंबरे दुपारचं जेवून खाटेवर आडवा झाला आणि उठलाच नाही. मी सेलूतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात पाईप मोजत होतो, तेव्हा त्याच्या पुतण्याचा फोन आला. मी त्याला म्हणालो, "नीट हालवून पाह्य, झोपला असंल..." दिगू झोपला की खरोखर मेल्यासारखाच झोपायचा. पण पुतण्या म्हणाला की डॉक्टर येऊन पाहून गेले, आणि मी पाईप खाली ठेवला.

आता त्या दोन गिलासांविषयी. हॉप्स म्हणजे थंड मुलखातल्या एका वेलीची हिरवी फुलं. ती सुकवून, दाबून त्यांच्या गोळ्या करतात. दिसायला थेट ढोरांच्या ढेपेच्या गोळ्या. बिअरला जो कडूपणा आणि जो वास असतो तो या फुलांचा. दिगूची सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका बिअरच्या कारखान्यात गेली. तिथे त्याचं काम वास घेण्याचं होतं, आणि सुटीच्या दिवशी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, पाच लिटरच्या पातेल्यात, तो स्वतःची बिअर करून बघायचा. एकच धान्य, एकच पाणी, फूल तेवढं दर वेळी वेगळं. एवढ्यावर त्यानं जी मतं बनवली, ती आपल्याकडे लोक जावयांविषयीसुद्धा इतक्या ठामपणे बनवत नाहीत.

सिट्रा हे त्याच्या मते उगाच डोक्यावर बसवलेलं फूल. आंबा, लिची, संत्रं असे सगळे वास एकदम अंगावर येतात. लग्नात अत्तर ओतून आलेल्या पाहुण्यासारखे, आणि पाहुणा गेला की मागे काही उरत नाही. मोझॅकचं तेच, वर भाव खाणारं. कॅस्केड एके काळी चांगलं होतं, पण ज्याच्या त्याच्या तोंडी बसून गुळगुळीत झालं. साझविषयी तो आदरानं बोलायचा, पण साझला आधीच सगळे मान देतात, त्यात आपण काय भर घालणार, असं म्हणायचा. त्याचा खरा जीव फगलवर. विलायतेतलं जुनं फूल. वास म्हणाल तर ओली माती, वाळकं गवत, थोडं लाकूड. जगानं त्याला म्हातारं म्हणून कोपऱ्यात बसवलं याचा दिगूला इतका राग, की फगल हा त्याचा सख्खा चुलता आहे आणि वाटण्यांत त्याच्यावर अन्याय झाला आहे असं वाटावं.

निवृत्त होऊन हा माणूस परत आला तो आमच्या सेलूत. म्हणजे वर्धा जिल्ह्यात. म्हणजे दारूबंदीत. आणि घरी शालूवहिनी.

वहिनींची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या वडिलांनी दारूत घर घालवलं. त्या तरुणपणीच केळझरकडच्या बायकांसोबत हातभट्टीची मडकी फोडायला जायच्या, आणि त्यांनी फोडलेली मडकी एकावर एक ठेवली असती तर नागपूरहून दिसली असती. लग्न जमवणाऱ्या मावशीनं मुलगा 'कोल्ड्रिंकच्या कारखान्यात' आहे असं सांगितलं होतं. क्वार्टरवर पोहोचल्यावर वहिनींना दाराबाहेरच वास आला. त्या रडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "तुमचं काम तुमच्यापाशी. तिथलं काई माह्या तोंडाले लागनार नाई." आणि लागलं नाही. दिगूनंही सेलूत परतल्यावर धान्य आणि ते आंबवणारं यीस्ट या दोन्हींना घरात पाय ठेवू दिला नाही. उरली फुलं. मग तो फुलांचं नुसतं पाणी करायला लागला. आधी पाण्यात लिंबू पिळायचं, पाणी उकळीच्या खालीच ठेवायचं, गोळ्या टाकायच्या, चहा मुरवतो तसं मुरवायचं, गाळायचं, गार करायचं, वरून सोडा. नशा शून्य. तेवढ्यावर त्याची मतं मात्र पूर्वीपेक्षा जास्त चढायला लागली.

वेल लावायचाही त्यानं प्रयत्न केला. हिमाचलमधून कुणाकडून तरी मुळी मागवली आणि कडुलिंबाखाली लावली. मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं ते काय सांगायचं. त्या वर्षी तर आमच्या दुकानातले खिळे वाकले. दिगूनं घरातला कूलर उचलून वेलीसमोर लावला. पाहुणे आत घामानं निथळताहेत आणि वेल बाहेर गार हवा खाते आहे. मी विचारलं तर म्हणे, "तू इथलाच आहेस, तुले सवय आहे. ते परक्या गावची आहे." तरी जून लागायच्या आत वेल गेली. दिगूनं दोन दिवस दाढी केली नाही.

आणि मग सुरू झाला शुगरचा प्रकार. सिंदीचे गोपालशेठ, कापसाचे व्यापारी, एकदा सहज आले होते. दिगूनं त्यांना फगलचा गिलास दिला. शेठनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम श्रद्धा उमटली. "भाऊ, इतकं कडू आहे म्हंजे शुगरले चांगलं असंल." दिगू कळवळून म्हणाला, "शेठ, औषध नाई हे. चव पाहा. वास घ्या ना." पण शेठ गोळ्यांची पुडी खिशात घालून गेलेही. घरी त्यांच्या मिसेसनी, आपल्याकडे कुठल्याही कडू वस्तूचं जे करतात तेच केलं. चार गिलास पाण्यात घालून, एक गिलास उरेपर्यंत आटवलं.

"अर्ध्या घंट्यात सगळा वास छतावर गेला," दिगू मला सांगताना रडकुंडीला आला होता. "खाली राह्यला तो निस्ता कडूपना. फगल, लेका... फगलचा काढा केला त्यायनं."

तो काढा पिऊन पथ्य मोडेल या भीतीनं आठवडाभर शेठनी गोडाला हात लावला नाही आणि त्यांची शुगर उतरली. झालं. सेलू, सिंदी, केळझर, सगळीकडून लोक बाटल्या घेऊन यायला लागले. रांग बसस्टँडपर्यंत गेली होती; बस चुकून रांगेच्या मधेच थांबायला लागली आणि दोघंचौघं प्रवासी उतरून औषध घेऊन पुढच्या बसनं गेले. दिगू प्रत्येकाला विचारायचा, "चव कशी वाटली?" आणि प्रत्येक जण विचारायचा, "जेवनाच्या आधी घेऊ का मंग?" त्यानं हात जोडून सांगितलं की यानं शुगर उतरत नाही, डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका. लोकांना वाटलं, गुणी वैद्य आहे, विनयानं बोलतो. मग त्यानं पुड्या देणंच बंद केलं, तेव्हा कुठे रांग हटली.

हसण्यासारखंच आहे, मी तर आजही हसतो. पण एका संध्याकाळी अंगणात बसलो असताना तो जे बोलला ते मला विसरता येत नाही. म्हणाला, "मले काई विकायचं नाई. मले मोठं व्हायचं नाई. एका मानसानं प्यावं आन् खरं सांगावं, बस. तुह्या नाकाचा काई भरोसा नाई, तू तं पेंटच्या डब्यात जन्म काढला. या तालुक्यात नाक एकच आहे. ते माह्या घरात आहे, आन् माह्यासाठी बंद आहे."

यात अतिशयोक्ती माझी नाही. शालूवहिनींच्या नाकाची ख्याती होतीच. चहाला कुठल्या विहिरीचं पाणी वापरलं ते त्या वासावरून सांगायच्या. कुणाच्या लग्नात भाजीत शेंगदाण्याच्या तेलात सरकीचं तेल मिसळलं असलं तर त्या पंगतीत बसल्याबसल्या नुसतं ताटाकडे बघायच्या, आणि आचारी घामाघूम. दिगू रोज दोन गिलास करायचा, एक स्वतःचा, एक ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवायचा. पी म्हणायचा नाही. वहिनीही काही बोलायच्या नाहीत. संध्याकाळी तो गिलास त्या तुळशीपासून लांब, जास्वंदीच्या बुडाशी ओतायच्या आणि घासून पालथा ठेवायच्या. इतक्या वर्षांत त्यावरून दोघांचं भांडण झाल्याचं मला माहीत नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं दिगूच एकदा म्हणाला होता.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. त्यानंतर काही आठवड्यांनी मी वहिनींकडे गेलो. गॅसचं कनेक्शन त्यांच्या नावावर करायचं काम होतं, ते झालं. मी निघालो तर वहिनी म्हणाल्या, "बसा भाऊजी." त्यांनी फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीशेजारी, दिगूच्या चंदेरी पुड्या होत्या, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात नाव.

"याचं काय करायचं?"

मी म्हणालो, "सिंदीच्या शेठले देऊन टाका, आयुष्यभर नाव काढंल."

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाले येते ना ते करता? ते करत तसं?"

मला येत होतं. इतकी वर्षं त्या स्टुलासमोर बसून मी दुसरं काय केलं होतं. मी लिंबू पिळलं, पाणी तापवलं, उकळी फुटायच्या आत खाली घेतलं. पातेलं असं आदळलं की अख्खा ओटा हालला, वरच्या डब्यांची झाकणं वाजली. एका भांड्यात सिट्रा, एका भांड्यात फगल. गाळलं, गार केलं, सोडा घातला. कुठल्या गिलासात काय ते सांगितलं नाही. वहिनी पाटावर बसल्या. आधी वास घेतला, डोळे मिटून, लग्नातल्या भाजीचा घेतात तसा. मग प्यायल्या. एक, मग दुसरा, मग परत पहिला.

"हा बरा आहे," त्या म्हणाल्या आणि सिट्राच्या गिलासाला बोट लावलं. "वास मोकळा आहे याचा. जिभेवर कडू येते पन घशात टोचत नाई." मग फगलचा गिलास जरा लांब सरकवला. "याच्यात दम नाई. वल्ल्या गोनपाटाचा वास येते. आन् लिंबू जास्त झालं तुमच्याच्यानं, दोन्हीत."

इतकं खरं मत त्या पाण्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. आणि दिगूच्या विरुद्ध, माझ्या बाजूनं. त्या माणसाशी जन्मभर वाद घालून मी पहिल्यांदा जिंकलो होतो, आणि ज्याला खिजवायचं तो खाटेवरही नव्हता, अंगणातही नव्हता...

मी म्हणालो, "वहिनी, दिगू असता तं आज त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं."

वहिनींनी दोन्ही गिलास उचलले आणि मोरीकडे जाता जाता म्हणाल्या, "ते असते तं मी पेलंच नसतं."