चार की सव्वाचार

टांझानियाला जाणाऱ्या आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी गटासाठी अर्ध्याहून जास्त निधी मी जमवला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या काँडोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये, मी मराठी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत असे. त्या घराघरांत मी बाकरवडी विकली, आणि नको म्हणणाऱ्यांच्या हातातही दोन पाकिटं ठेवली. तरी गटाची प्रमुख झाली मरीन परेडची मुलगी. तशी आपलीच, मराठी. पण जन्म सिंगापुरातला, त्यामुळे तिच्या मराठीत मध्येच इंग्रजी घुसायचं आणि वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' यायचं. तिने मला खरेदीचं काम दिलं. म्हणाली, "तू घासाघीस छान करतेस ना!" हे कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आठवडाभरात एका खेड्यातल्या शाळेच्या पत्र्यांना पन्हळी लावून पावसाचं पाणी साठवायचं होतं. टाक्या दोन ठरल्या होत्या, एक वर्गांपाशी आणि एक मुलींच्या वसतिगृहापाशी. वसतिगृहातल्या मुली शाळेआधी ओढ्यावर जाऊन डोक्यावरून पाणी आणायच्या. आम्हीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो. माझी बादली निम्म्या वाटेवर रिकामी झाली, तेव्हा त्यातल्या सगळ्यात बारक्या मुलीने हसत स्वतःची बादली माझ्या डोक्यावर ठेवली आणि माझी घेऊन ती पुन्हा ओढ्याकडे पळाली.

त्याच दुपारी प्रमुखबाईंनी वसतिगृहाची टाकी यादीतून खोडली. मला विचारलंही नाही.

मी म्हटलं, "दोन्ही आणते. आहेत त्या पैशांत."

"कान्ट लाह. एकीचे पाच लाख सांगतायत. आणि प्लीज, गरीब लोकांशी भांडू नकोस."

"दुकानदार गरीब नाहीये. त्याचा फोन माझ्यापेक्षा मोठा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी बाजाराच्या गावी गेले. टाक्यांसाठी आमच्याकडे सात लाख शिलिंग होते. दुकानदाराने एका काळ्या टाकीवर थाप मारली, पाच बोटं दाखवली आणि म्हणाला, "लाकी टानो." लाकी म्हणजे लाख! माझा जीव भांड्यात पडला. शेजारीच एका गुजराती आजींचं किराणा दुकान होतं, तेव्हा मी धरून चालले की इथे आकडे आपलेच चालतात.

मी चार बोटं दाखवली. "लाकी चार."

तो जरा थांबला. "सावा."

सव्वा! म्हणजे सव्वाचार. "सव्वाबिव्वा काही नाही. चार म्हणजे चार."

"सावा, सावा."

आता दोनदा सव्वा. माझं डोकं फिरलं. समोरचा अडून बसला की मी आणखी खाली उतरते. कागद काढला आणि पावणेचार लिहिले. त्याने मान खाजवली. "सावा." मी ते खोडून साडेतीन लिहिले. या वेळी तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला, मग खांदे पाडून म्हणाला, "सावा, दादा."

"दादा कुणाला म्हणतोस रे?" म्हणत मी पाठ फिरवली. पाठ फिरवणं हा माझा शेवटचा डाव. तो टाकीचं झाकण हातात घेऊनच मागे धावला. "दादा! दादा! सावा!"

ओट्यावर बडीशेप निवडत बसलेल्या गुजराती आजी हिंदीत ओरडल्या, "अरे बेटी, कितना मारेगी उसको? वो कब से हाँ बोल रहा है!"

"हाँ कहाँ? सवा बोल रहा है!"

आजी इतक्या हसल्या की सुपातली बडीशेप सांडली. सावा म्हणजे ठीक आहे, चालेल. आणि तिथे दादा म्हणजे ताई.

गावाकडच्या आठवडी बाजारात आमच्या आईची बांगड्यांची गाडी होती, आणि मी तिच्या हाताखाली शिकले. तिचा एकच नियम होता. समोरच्याने हो म्हटलं की भाव संपला. त्यापुढे कमी करणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. हा माणूस चारला हो म्हणाला होता, आणि मी त्याच्या होकारावर दोनदा खाली उतरले होते. साडेतीनने दोन टाक्या सातात नेमक्या बसत होत्या. चारने बसत नव्हत्या. त्या बारक्या मुलीची बादली आठवून मी तिथेच उभी राहिले.

शेवटी चार बोटं वर केली. "दोन टाक्या. चार-चार."

भाव वर जाताना बघून तो घाबरलाच. आजींनी समजावल्यावर त्याने दोन नळ फुकट दिले आणि टाक्या पोचवायला स्वतःची पिकअप काढली.

राहिला एक लाख. तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी पर्यटकांच्या लॉजवर आमचं निरोपाचं जेवण ठरलं होतं. मी विकते, मागत नाही. पण प्रमुखबाईंना फोन लावला.

"लॉज रद्द कर. दुसरी टाकी घेतेय."

"पण तू म्हणालीस, आहेत त्या पैशांत."

"म्हणाले होते. चुकलं माझं." हे मी तिला पहिल्यांदाच म्हणत होते. मग झालेला सगळा गोंधळ सांगितला.

"वेट, सव्वा म्हणजे काय?"

"एक आणि पाव. आईला विचार तुझ्या!"

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "सगळे लॉजची वाट बघतायत गं."

"सगळे शाळेत मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि घेवडा खातील. घेवड्याला मी फोडणी देते. लसूण, लाल मिरची."

मग उत्तर आलं, "सावा लाह!"

"सव्वा नाही, एकच लाख—" मी म्हणणार होते. जीभ चावली.

आमच्या विभागाच्या भिंतीवर आता त्या आठवड्याचा फोटो लागलाय. खाली नाव फक्त प्रमुखबाईंचं. मी दोनदा तक्रार केली, तिसरी या आठवड्यात करणार आहे. पण फोटोत तिच्या मागे वसतिगृह दिसतं, आणि त्याला लागून ती दुसरी टाकी, एवढी मोठी की अर्धा फोटो तिनेच व्यापलाय. नळाखाली बादली धरून ती बारकी मुलगी उभी आहे, कॅमेऱ्याकडे न बघता.