टेकडीखालचं घर आणि माझी सायकल

जमीन दाखवायला सासूबाईंना पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली करून त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा शेजारच्या शेतातल्या गोठ्याकडे, आणि मला म्हणाल्या, "शेणातनं बाहेर पडायला मला चाळीस वर्षं लागली गं. आणि तू मला परत तिथंच आणून बसवणार?"

त्या साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे इंदूरला आल्या. माझा नवरा पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी तुकोगंजमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट, आणि मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. शहरातल्या अन्नपूर्णा भागात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. सासूबाईंचा त्या फ्लॅटवर फार जीव. नळाला पाणी, खाली भाजीची गाडी, मंदिर चालत सात मिनिटांवर. त्यांना याहून जास्त काही नको होतं. जास्त हवं होतं ते मला, आणि ते नक्की काय हे मलाही सांगता येत नव्हतं.

माझं माहेरही अन्नपूर्णालाच, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. पणजोबा संस्थानी कचेरीत कारकून होते, आणि तेव्हापासून आमच्याकडे सगळे खुर्चीवर बसून आयुष्य काढणारे. मला मात्र जेवायलासुद्धा एका जागी बसवत नसे. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे." लग्न झालं, मुलगी झाली, भिंगरी काही सुटली नाही. संध्याकाळी क्लिनिकमधून घरी यायचे, चहा घ्यायचे आणि खिडकीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाल्कनी अशा फेऱ्या मारायचे. नवरा विचारायचा, "काही हरवलंय का?" मी म्हणायचे, "नाही, काही नाही."

अडतिसाव्या वर्षी एक पेशंट आले, गुडघ्याच्या दुखण्याचे. दर रविवारी चोरलच्या घाटात माउंटन बाइक चालवायचे म्हणे. मी त्यांना चार आठवडे व्यायाम दिले आणि त्यांनी मला एक रविवार दिला. मागून आणलेली सायकल, ढगळ हेल्मेट, आणि सागाच्या जंगलातून खाली जाणारी बैलगाडीची जुनी वाट. पहिला उतार मी ब्रेक दाबून दाबूनच उतरले. खाली पोचले तेव्हा बोटं इतकी आखडली होती की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. आणि डोक्यात, मी मुद्दाम चाचपून पाहिलं, काहीच नव्हतं. क्लिनिक नाही, मुलीची शाळा नाही, उद्याची भाजी नाही. अशी शांतता मला त्याआधी कधी सापडली नव्हती.

मग रविवार पुरेनासे झाले. शहरापासून डोंगरापर्यंत जाण्यातच सकाळ संपायची. मी नवऱ्याच्या मागे लागले, की आपण तिकडेच राहायला जाऊ. तो सायकल चालवत नाही, त्याला वेगाची भीती वाटते आणि तो ते सरळ सांगतो. पण फ्लॅटच्या बाल्कनीत त्याने सोळा कुंड्या ठेवल्या होत्या, आणि लिंबाचं झाड कुंडीत किती दिवस जगणार हा त्याचा जुना सवाल होता. त्याने वर्षभर विचार केला आणि हो म्हणाला. सिमरोलच्या पुढे, खंडवा रोडपासून आत, टेकडीच्या पायथ्याशी एक एकराचा तुकडा मिळाला. फ्लॅट विकला. तीन खोल्या, पुढे लांबरुंद ओटा, वर पत्रा.

सासूबाई आल्या. जाणार कुठे होत्या? पण येताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी राहायला येतेय, रमायला नाही."

पहिलं वर्ष धावपळीतच गेलं. बोअरची मोटर आठवड्याआड रुसायची. नीलगाई एका रात्रीत सगळी मेथी खाऊन गेल्या. शाळेची बस आमच्यापर्यंत येत नव्हती, म्हणून मुलीला शाळेत सोडायचं, पुढे तुकोगंजला क्लिनिकमध्ये जायचं, संध्याकाळी तिला माझ्या आईकडून उचलायचं, परत यायचं. नवरा कारखान्यातून आला की कपडे न बदलता आधी झाडांपाशी जायचा. लिंबं, पेरू, दोन आंबे. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान दिसायला लागलं. मला त्याचा हेवा वाटायचा, खरं सांगते.

कारण माझं तसं झालं नाही. डोंगर आता दाराशी होता, आणि मी त्याच्याही पलीकडे बघायला लागले होते. पहाटे उजाडलं की सायकल काढायचे, दोन तास भटकून यायचे, तरी दुपारी क्लिनिकमध्ये कुणाच्या खांद्याला व्यायाम देताना डोकं नकाशावर. मग मी कुदळ घेतली आणि घरामागच्या टेकडीवर स्वतःच एक वाट कोरायला घेतली. चार महिने सुट्टीच्या दिवशी मुरूम खणला, दगड हलवले, सात वळणं काढली. शेजारच्या शेतातली बाई लसूण निंदताना बघत असायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, "दीदी, वर काय देवाचं ठाणं बांधताय का?" म्हणजे विचारलं तिच्या माळवी बोलीत, पण अर्थ हाच. मी म्हटलं, सायकल चालवायला रस्ता करतेय. तिनं खुरप्याने आणखी दोन तणं उपटली. मग म्हणाली, "वर जाऊन परत खालीच येणार ना?"

मुलगी सुरुवातीला माझ्याबरोबर यायची. तिला सायकल छान जमली, माझ्यापेक्षा छान. वळणावर ती अंग असं झुकवायची की शिकवून येत नाही. मी हवेत होते. तेराव्या वर्षी एके दिवशी तिनं हेल्मेट खुंटीला लावलं आणि म्हणाली, "मला नाही चालवायची आता."

"का गं? कंटाळा आला?"

"बोर नाही झाले मी. मम्मी, तू ना माझ्याबरोबर नाही चालवत. तू पळत असतेस यार, आणि मी तुझ्या मागे-मागे."

मी हसण्यावारी नेलं. वयच तसं आहे म्हटलं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवार होता. मी अंघोळीला गेले असताना माझा फोन वाजला आणि नवऱ्याने घेतला. पलीकडून दलाल विचारत होता, "सर, मैडम वो बड़वाह वाली ज़मीन देखने दुबारा कब आएँगी?"

मी बाहेर आले तेव्हा तो ओट्यावर उभा होता, फोन हातात.

"दुबारा म्हणजे एकदा जाऊन आलीस."

"नुसती बघायला गेले होते."

"कशाला?"

"तिकडे जंगल मोठं आहे. नर्मदा जवळ आहे. इथल्या सगळ्या वाटा मला पाठ झाल्यात."

तो कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "इथलं कुंपण अजून पूर्ण झालेलं नाही," तो म्हणाला. "लिंबाला पहिली फुलं आलीत. तू मला एकदा सांग, मी या झाडांना पाणी घालायचं की नाही?"

मी हेल्मेट उचललं. तो म्हणाला, "हेच. हेच करतेस तू." मी ऐकलं आणि गेले.

रागाने चढ लवकर संपतो. वर पोचले, वळले, आणि उतरताना पहिल्यांदाच ब्रेकला हातच लावला नाही. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक एका सुट्या दगडावरून घसरलं. मी उजव्या खांद्यावर पडले. आवाज आतून ऐकू आला. बोटांनी चाचपलं आणि कळलं, कॉलरबोन. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांची हीच हाडं बघत आले होते. पिशवीत सायकलची जादा ट्यूब होती. तिची झोळी करून एका हाताने आणि दातांनी गाठ मारली, हात गळ्यात अडकवला. फोनला टेकडीवर रेंज नसतेच. सायकल तिथेच टाकली आणि चालत उतरायला लागले. मीच काढलेली ती वळणं पायी किती लांब आहेत, ते मला त्या दिवशी समजलं.

खाली लसणाच्या शेतात तीच बाई होती. तिनं मला पाहिलं, खुरपं टाकलं आणि आपल्या नवऱ्याला हाक मारली. त्यांनी मला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, ती मागून मला धरून बसली. "हिलना मत, दीदी, हिलना मत," घरापर्यंत एवढंच म्हणत राहिली. ओट्यावर सासूबाई होत्या. त्यांनी हाताकडे पाहिलं, आत जाऊन कात्री आणली आणि माझा टी-शर्ट बाहीपासून गळ्यापर्यंत कापून काढला. नवऱ्याने गाडी काढली. हॉस्पिटलपर्यंत तो एकेक खड्डा चुकवत राहिला. सकाळचं काही बोलला असता तर बरं झालं असतं.

सहा आठवडे घरी. क्लिनिक बंद, गाडी बंद, सायकल भिंतीला टेकलेली. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांवर खेकसले. ओट्यावर बसवेना, आत पडवेना. भाकरी मोडायलाही दुसरा हात लागतो, आणि मला तो मागावा लागायचा. मुलीला आता नवरा उजाडताच आधी शाळेच्या बाजूला सोडायचा आणि मग उलट पीथमपूर गाठायचा. संध्याकाळी झाडांपाशी जायला त्याला उजेड उरत नव्हता. तरी तो बॅटरी घेऊन जायचा.

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्याला हेल्मेट. "टेकडीवर जाऊन येते."

वर्षभर जिने सायकलला हात लावला नव्हता, ती. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "जा. ब्रेक तपासलेस?" ती हो म्हणाली आणि गेली.

त्या वाटेला वर जाऊन खाली यायला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस झाली. पन्नास झाली. मी ओट्यावरून फाटकापर्यंत गेले, परत आले. फोन लावला, लागला नाही, लागणार नव्हताच. ते तिसरं वळण डोळ्यांपुढून हलेना. तासावर गेल्यावर मी चपला घातल्या. एका हाताने मी वर जाऊन काय करणार होते, देव जाणे.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. त्या खांबाला टेकून लसूण सोलत होत्या. "तुझ्या फेऱ्यांनी ती लवकर येणार आहे का?"

"तास झाला, आई. चाळीस मिनिटांची वाट आहे."

"तुला चाळीस लागतात होय?" त्या म्हणाल्या. "कधी दीड तास लावतेस, कधी अडीच. दोन वर्षं मी रोज सकाळी इथंच बसते. लसूण सोलते, तांदूळ निवडते. तुला काय वाटलं, मला हवा आवडते इथली?"

मी उभीच राहिले. दोन वर्षं रोज परत आल्यावर मी त्यांना या खांबापाशी पाहिलं होतं, चहा झालाय का म्हणून विचारलं होतं, आणि आत गेले होते.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? जाऊ नको म्हणायचं?" त्यांनी पाकळी वाटीत टाकली. "मला म्हणायचे सगळे. जन्मभर तेच ऐकलं. मी नाही कुणाला म्हणणार."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी एक गड्डा माझ्या डाव्या हातात दिला. एका हाताने लसूण सोलता येत नाही, पण मी तो धरून बसले. पाऊण तास आणखी गेला.

मुलगी आली ती चालत, सायकल ढकलत, कोपरापर्यंत मातीने माखलेली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तिसऱ्या टर्नला खूप दगड सुटे होते. काढत बसले. नीट नव्हता केलेला तू तो टर्न, मम्मी." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? रडलीस का?"

"सांगून जायचं ना, वेळ लागेल म्हणून."

"तू सांगतेस?"

त्यावर सासूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की मुलगीही दचकली.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्यासमोर दलालाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "माझ्यासाठी करू नकोस." मी म्हटलं, "कुणासाठी करतेय ते मला अजून कळलेलं नाही." तो म्हणाला, "मग ठीक आहे." त्याने मला बाहेर नेलं आणि लिंबाला धरलेली फळं दाखवली, मटाराएवढी.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. मुलगी आता आठवड्याचे पाच दिवस अन्नपूर्णाला माझ्या आईकडे राहते. तिच्या अभ्यासाला आणि आमच्या सगळ्यांच्या अंगाला रोजची ती धावपळ झेपेना. घर टेकडीखाली मांडलं आणि लेक शहरात ठेवली, हे मला टोचतं. सासूबाई पाहुण्यांना अजून सांगतात की त्या इथं तात्पुरत्या आहेत. आणि मी अजूनही संध्याकाळी ओट्यावरून फाटकापर्यंत फेऱ्या मारते. फक्त सकाळी निघताना कुठे जातेय आणि किती वाजता परतेन, ते खांबापाशी थांबून सांगते. सासूबाई "बरं" म्हणतात, तांदळातून मान वर न करता.

हाड जुळल्यावर फेब्रुवारीत मी आणि मुलगी एकत्र निघालो. ती पुढे, मी मागे. खांदा अजून घाबरत होता. टेकडीच्या पलीकडे उतरल्यावर वाटेला फाटा लागला. दोन्हींपैकी एकही माझ्या ओळखीची नव्हती.

"इकडे की तिकडे?" तिनं विचारलं.

"तू ठरव."

तिनं डावी घेतली. ती वाट अर्ध्या तासाने एका गव्हाच्या शेतात जाऊन संपली. पुढे दगडी बांध, पलीकडे कच्चा रस्ता दिसत होता. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या, म्हणजे तिनं आधी तिची पलीकडे नेऊन ठेवली आणि मग परत येऊन माझी उचलली. शेताच्या टोकाकडून एक म्हातारा ओरडत येत होता, "ओ मैडम! गेहूँ बचा के! गेहूँ बचा के!" आम्ही ओंब्यांमधून एकेक पाऊल जपून टाकत निघालो, ती पुढे दोन्ही हातांनी माझी सायकल डोक्याच्या वर धरून, आणि मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवत.